दोन पंख तुटलेत तिचे

सोसायटीच्या मागच्या मातीच्या भिंतीपाशी एक विचित्र माशी दिसली. काळीभोर, अंगावर लव, पंख अर्धे काळे नि अर्धे पारदर्शक, हवेत एका जागी खिळल्यासारखी. मी फोटो काढला आणि अ‍ॅपला विचारलं, तर म्हणे बम्बलबी, म्हणजे ती जाडजूड केसाळ मधमाशी. अरे बाबा, त्या आपल्याकडे बहुतेक हिमालयाच्या थंडीत असतात, मे महिन्यात पुण्यात कशाला मरायला येतील!

तेवढ्यात आमचे चेअरमन काका आले, मोबाईल हातातून ओढूनच घेतला.

"गांधीलमाशी."

"नाही काका, ही बी-फ्लाय. मधमाशीचं सोंग घेते, पण आहे साधी माशी. पंख बघा, दोनच आहेत. मधमाशीला, गांधीलमाशीला चार असतात."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो झूम केला. "म्हणजे दोन तुटलेत तिचे. जखमी आहे. जखमी जनावर जास्त चावतं."

मी म्हटलं काका, तुटले नाहीयेत, माश्यांमध्ये मागच्या पंखांच्या जागी बारीक गोळीवजा दांड्या असतात, उडताना तोल सांभाळायला.

"बघ! म्हणजे परत उगवतायत."

"तिला डंखच नाही हो! ती सोंड आहे ना, ती फुलातला रस प्यायला."

"मग फुलं सोडून भिंतीशी काय करतेय?"

आता प्रश्न बरोबर होता, हेच तर जास्त झोंबलं. सांगितलं की यातल्या बऱ्याच जातींच्या माद्या पोटाच्या टोकाशी माती भरून घेतात, अंडी त्यात घोळवतात आणि एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या बिळांपुढे घिरट्या घालत ती उडत्या उडत्या आत फेकतात, मग अळ्या आतली पिल्लं खातात. काकांचा चेहरा एकदम गंभीर.

"घरात घुसून पोरं खाते, आणि तू म्हणतोस चावत नाही?"

इथे मी हात टेकले. फोटो एका कीटकवाल्या मित्राला पाठवला तर तो शहाणा म्हणतो, फॅमिली बॉम्बिलिडी, म्हणजे बी-फ्लायचंच कुळ, पुढचं सांगता येणार नाही, पंखाच्या शिरा नीट दिसत नाहीत. जगात या फॅमिलीच्या साधारण ५००० जाती आणि ओळख बरीचशी शिरांवर, मान्य आहे, पण उडत्या माशीला पंख सरळ धर, हलू नकोस म्हणायला मी काय पासपोर्ट फोटोवाला आहे?

दुसऱ्या दिवशी पेस्ट कंट्रोलवाला हजर. अख्ख्या भिंतीवर फवारा. माशी केव्हाच उडून गेलेली, मेल्या त्या बिळांतल्या बिचाऱ्या मधमाश्या, ज्या कुणाच्या अध्यातमध्यात नव्हत्या, उलट वरच्या गच्चीतल्या वांग्या-टोमॅटोच्या फुलांवर राबत असायच्या. यावर कुणी बोलायचं नाही. खर्च मात्र सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये घातलाय. आणि लिफ्टमध्ये नोटीस लागलीय, 'घातक गांधीलमाशीपासून सावध राहा', वर माझाच फोटो, लाल गोल काढून. खाली माझं नाव तरी टाकायचं, तेही नाही.