काय उजेड पाडला!

टॅब बिघडला की लोक आधी त्याला हलवून बघतात. मग पाठीवर दोन चापट्या. ही ट्रान्झिस्टरच्या काळातली औषधं. त्यांनीही गुण येत नाही म्हटल्यावर मला हाक: "जरा बघा की हो, स्क्रीन गेली वाटतं."

स्क्रीन कुठेही गेलेली नसते. घरातच असते, अंधार करून बसलेली.

अंधाराचा पहिला संशयित वरच्या काळ्या पट्टीत, पुढच्या कॅमेऱ्याच्या शेजारी सापडतो. मोहरीएवढा सेन्सर. खोलीत उजेड किती हे मोजायचं आणि त्या हिशेबानं स्क्रीन कमीजास्त करायची, एवढीच त्याची नोकरी. आपण नेमकी त्याच्यावर तिरपी टेम्पर्ड ग्लास चढवतो. तिच्या कडेत ज्वारीचं पीठ जाऊन बसतं, वर कव्हरची किनार. त्याला भर दुपारी बारा वाजता अमावास्या दिसते आणि तो इमानदारीत दिवे मालवतो. काच चष्म्याच्या फडक्यानं पुसा, तरी ऐकेना तर त्याला सक्तीच्या रजेवर पाठवा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, डिस्प्ले, अडॅप्टिव्ह ब्राइटनेस बंद. आयपॅडवर मात्र हे बटण डिस्प्लेमध्ये शोधाल तर दिवेलागण होईल. ते ॲक्सेसिबिलिटीत, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझच्या पार तळाशी आहे. का, ते विचारू नका. तिथंच 'रिड्यूस व्हाइट पॉइंट' आहे. ते चालू असेल तर ब्राइटनेसची पट्टी टोकाला नेऊन भिडवली तरी पांढरं राखाडीच राहतं.

दुसरा संशयित म्हणजे आमचं गाव. आयपॅड 0 ते 35 अंशांत वापरावा, असं कंपनी सांगते. 35 म्हणजे सोलापुरात "आज जरा बरंय". मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असताना टॅब खिडकीत, त्यावर क्रिकेट, शिवाय चार्जरही लावलेला. तो आतून तापतो, स्वतःला वाचवायला आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो, आणि अगदीच असह्य झालं की तापमानाची पाटी लावून संपावर जातो. हा बिघाड नाही, शहाणपण आहे. माणसं इतकं करत नाहीत. चार्जर काढा, कव्हर काढा (मे महिन्यात जाड कव्हर म्हणजे सोलापुरी चादर पांघरून झोपणं), फरशीवर पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर गार ताकाच्या पेल्याला सुटतो तसा घाम टॅबला सुटतो, फक्त इथं तो आतल्या सर्किटवर. ही सूचना ऐकताना ज्यांची नजर फ्रिजकडे वळते, त्यांच्या घरी उशीर झालेला असतो.

तिसरा संशयित वय वर्षे चार. आयपॅडच्या झूममध्ये 'लो लाइट' नावाचा फिल्टर आहे. एकदा तो निवडला गेला आणि बटण तीनदा दाबलं की झूम सुरू, असा शॉर्टकट लागला, की बोटांच्या एका चाळ्यात स्क्रीन काळवंडते आणि ब्राइटनेसची पट्टी निरागस चेहऱ्यानं पूर्ण भरलेली दिसते. अँड्रॉइड 12 पासून याचंच भावंड आहे, 'एक्स्ट्रा डिम'. वरून बोट ओढल्यावर जी बटणं येतात त्यांत ते असतं, म्हणजे नातवाच्या हाताच्या बरोबर अंतरावर.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. तासभर लावूनही बारा टक्केच? भिंतीत जुन्या मोबाइलचा 5 वॅटचा चार्जर असणार. किंवा पोर्टमध्ये कापसाची वात जमली असणार. टॅब बंद करून लाकडी टूथपिकनं हलकेच काढा, सुई नको. चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन आपोआप उड्या मारते? अंगात आलेलं नाही, चार्जर हलका आहे. टच लागत नाही? स्क्रीनला बोटातली वीज समजते, शेंगाचटणीचं तेल समजत नाही. हात धुवा.

खरोखर काळी झाली, पण आवाज येतोय, तर आधी सक्तीनं रीस्टार्ट. होम बटण नसलेल्या आयपॅडवर वरच्या बटणाजवळचं व्हॉल्यूम दाबून सोडायचं, मग दुसरं व्हॉल्यूम दाबून सोडायचं, मग वरचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवायचं. मधेच सोडणाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. तरी काळीच, तर खोलीत अंधार करून टॉर्च तिरपी मारा. एलसीडी असेल आणि पुसटसं चित्र दिसलं, तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, गेला. आता दुकान गाठा.

आणि दुकानात निघण्याआधी एक करा. टॅब आडवा धरल्यावर दिसतो आणि उभा धरल्यावर काळा होतो, किंवा उलट, अशी तक्रार असेल तर डोळ्यांवरचा पोलराइज्ड गॉगल काढून बघा.