सगळीकडे ‘इन’ ठोका

फाडफाड इंग्रजी बोलायचंय ना? मग ॲट, ऑन, इन असे तीन-तीन जावई कशाला पोसता? एकट्या ‘इन’वर संसार रेटा. व्याकरण म्हणतं, घड्याळातल्या वेळेला ॲट, वाराला नि तारखेला ऑन, महिन्याला नि सालाला इन. बरं, सकाळ ‘इन द मॉर्निंग’, रात्र मात्र ‘ॲट नाइट’, आणि तीच सकाळ सोमवारची निघाली की ‘ऑन मंडे मॉर्निंग’. एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा उसाचं बिल कधी निघणार त्याची चौकशी केलेली बरी.

कारला इन, बसला ऑन. का, तर ज्यात उभं राहता येतं, चार पावलं टाकता येतात त्याला ऑन, असा एक ठोकताळा आहे. तो काढणारा संध्याकाळी सहाच्या सांगली-मिरज बसमध्ये चढलेला नसणार. एक पाय पायरीवर, दुसरा कुणाच्या तरी मेथीच्या जुडीवर. पावलं टाकायची कुठे? तिथे ठणकावून ‘इन’ म्हणा. वडापच्या जीपमध्ये अर्धं अंग बाहेर असेल तर निम्माच ‘इन’.

नदीकाठच्या गावालाही ऑन लागतं. ‘सांगली इज ऑन द कृष्णा.’ 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं आणि निम्मी सांगली सरळ ‘इन’ झाली. तेव्हा कुठल्या मास्तरानं लाल शाई काढली नाही.

पाहुण्याला पत्ता देताना ‘इन फ्रंट ऑफ बँक’ एवढंच सांगा, दुकान रस्त्यापलीकडे असलं तरी. पलीकडच्याला ‘ऑपोझिट’ म्हणतात खरं, पण मग पाहुणा थेट सापडेल आणि फोनवर “हात वर करा की!” ओरडायची मजा जाईल.

हळदीचा व्यापार असेल तर परगावच्या पार्टीला झोकात मेल टाका : ‘वी विल सेंड गुड्स अनटिल फ्रायडे.’ तुमच्या मनात, शुक्रवारपर्यंत माल पोचता करतो. त्याला ‘बाय फ्रायडे’ लागतं. पार्टी समजणार, शुक्रवारपर्यंत गाड्यांमागून गाड्या येणार, नंतर बंद. ती गोदाम रिकामं करून बसेल, बसू दे. पैसे देतानाही ‘वी विल पे अनटिल फ्रायडे’ लिहू नका म्हणजे झालं, नाहीतर रोज हप्ता मागेल.

पार्टी भांडायला उठलीच तर शांतपणे म्हणा, ‘लेट अस डिस्कस अबाउट इट.’ डिस्कसला अबाउट लागत नाही. पण फुकट आहे, घालायला काय जातंय?