गावात राहून सिक्रेट सांभाळणं

वरुड तालुक्यातल्या आमच्या गावात कोणाचा संत्रा कोणत्या व्यापाऱ्यानं काय भावानं उचलला, कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे आले अन् पोहे खाऊन काय बोलून गेले, हे दिवेलागणीच्या आत पारावर पोचलेलं असतं. अन् अशा गावात बसून मी पगार घेतो तो गुपितं सांभाळायचा.

काम पुण्यातल्या एका कंपनीचं. कोणी कोड पुश केला, म्हणजे वर चढवला, की आपोआप टेस्ट चालतात, बिल्ड होतो, सगळं हिरवं झालं की डिप्लॉय, म्हणजे नवीन कोड चालू, ह्याला म्हणायचं सीआय. त्या मशीनला डेटाबेसचा पासवर्ड, क्लाउडची की म्हणजे चावी, असलं सगळं लागतं अन् ते कोडमधे उघडं ठेवता येत नाही, म्हणून गिटहबवर, जिथे आमचा कोड ठेवलेला असतो तिथे, सिक्रेट्सचा वेगळा कप्पा. आपण टाकलेलं ब्राउझरमधेच पब्लिक की लावून एन्क्रिप्ट होतं, म्हणजे कुलूपबंद होतं, मग वर जातं. एकदा सेव्ह केलं की ज्यानं टाकलं त्यालाही परत दिसत नाही, देवळातल्या दानपेटीसारखं. बदलता येतं, डिलीट करता येतं, बस. आता ते टाकणारा माणूस दुसऱ्या कंपनीत गेलेला, मूळ की कुठे लिहून ठेवली ते कोणालाच माहीत नाही, अन् मॅनेजर मला म्हणतो, "अरे जरा ओपन करून बघ ना काय आहे त्यात!"

मशीन काय काय करते त्याची नोंद म्हणजे लॉग, त्यात सिक्रेट आलं की त्याच्या जागी तीन चांदण्या. पासवर्ड चार अक्षरी असो की चाळीस, चांदण्या तीनच. चांगली सोय आहे, पण आमच्या एका महाभागानं युजरनेम पण सिक्रेटमधे टाकलं अन् ते युजरनेम होतं 'प्रोड'. झालं! लॉगमधे प्रोडक्शनचं '***क्शन', प्रोडक्टचं '***क्ट', एरर वाचायची म्हणजे गाळलेल्या जागा भरा. शेजारचे काकाजी चष्मा वर करून स्क्रीनमधे डोकावले, "काऊन बे, ह्या फुल्या फुल्या कायच्या? कोनाले शिव्या देऊन रायला का?"

(देतच होतो, पण मनात.)

अन् ह्या चांदण्यांवर फार विसंबूनही चालत नाही. तेच सिक्रेट बेस६४ करून, म्हणजे सहज उलटवता येईल अशा दुसऱ्या अक्षरांत बदलून, एकदा छापलं तर सिस्टीम ओळखते, पण दोनदा करून छापलं की ओळखत नाही, बिनधास्त दाखवते. मार्च २०२५ मधे टीजे-ॲक्शन्सच्या एका ॲक्शनमधे, म्हणजे बऱ्याच जणांच्या सीआयमधे वापरल्या जाणाऱ्या आयत्या कोडमधे, कोणीतरी घुसून नेमकं हेच केलं, पब्लिक रेपोंची (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यांची) सिक्रेट्स डबल बेस६४ होऊन लॉगमधे उघड्यावर आली.

पण खरा वैताग दिला तो एका स्पेसनं. डिप्लॉय फेल, कारण 'ऑथेंटिकेशन फेल्ड'. पुण्यावाले छातीठोक सांगतात की टोकन, म्हणजे पासवर्डसारखीच लांबलचक अक्षरं, बरोबर आहे, मी पाहू शकत नाही, तेही पाहू शकत नाहीत, लॉगमधे फक्त चांदण्या. शेवटी टोकन राहू दे, त्याची नुसती लांबी छापायला लावली तर एक अक्षर जास्त! चॅटमधून कॉपी करताना शेवटची स्पेस चिकटून आली होती.

आता नीट टोकन परत टाकायचं, तर नेमकी गावातली लाइन गेली. वायफाय बंद, मोबाइलचा डेटा मेला, नुसता कॉल लागतो अन् तोही स्लॅबवर चढलं तरच. मॅनेजरला घाई. मी म्हटलं थांबा, असं फोनवर सांगू नका, तर तो कसला ऐकतो, "अरे लिही रे, कॅपिटल एम, सात, स्मॉल क्यू..." आवाज तुटत होता म्हणून स्पीकरवर टाकलेला. आई खाली अंगणात तूर पाखडत होती, काकाजी त्यांच्या स्लॅबवर बसलेले, गल्लीतली दोनचार पोरं पतंग सोडून ऐकायला आलेली. मी लिहून घेतलं अन् वाचून दाखवलं, तर मॅनेजर बोलायच्या आधी पलीकडून काकाजी, "सात म्हनलं ना त्यानं, एक कायले वाचतं बे?"

लाइन आल्यावर आधी ते टोकन रद्द केलं, नवीन बनवलं, थेट सिक्रेटमधे पेस्ट केलं, स्पेस तपासून. बिल्ड हिरवा झाला. रात्री जेवताना आई म्हणाली, "काकाजी विचारत होते, आता नवीन कोनतं ठेवलं म्हनून."