तीनदा मागितलं होतं

स्पष्टवक्ता यांस,

नोकरीच्या मध्यावर अडकून पडलेल्या बायकांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देते. चाळिशीत बायकांना स्वतःलाच पुढे जायचं नसतं. ताण पुरुषांवरही असतो. तुमच्या ऑफिसात साहेबाच्या खुर्चीत बाईच बसते. मी 'मेंटॉर' आणि 'स्पॉन्सर' यांची गल्लत केली. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: 'बढती हवी तर मागायची असते, मागायचं नाही आणि मग रडगाणं गायचं, हे बरं आहे.'

गल्लत झाली, मान्य. सल्ला देणारा वेगळा आणि बढतीच्या बैठकीत आपण हजर नसताना आपलं नाव लावून धरणारा वेगळा. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण रडगाणं? त्या लेखाखाली कितीतरी जणींनी स्वतःबद्दल लिहिलंय, आणि बहुतेकींनी पहिल्यांदाच. ज्याला हाताला धरून काम शिकवलं, तोच आता आपल्या रजेच्या अर्जावर सही करतो, असं एकीने दोन ओळींत सांगितलं. तुमची प्रतिक्रिया बरोबर तिच्या खाली आहे. तिचं वाचून तुम्ही हे लिहिलंत की न वाचताच, कोण जाणे. दोन्ही मला सारखंच वाईट वाटतं. मतभेद असू द्या, पण टोपणनावाआड बसून अनोळखी बाईच्या दुखण्याला रडगाणं म्हणायला स्पष्टवक्तेपणा लागत नाही.

आता 'मागायची असते' याबद्दल. बायका मागत नाहीत म्हणून त्यांना मिळत नाही, हे मीही पुष्कळ वर्षं खरं धरून चालले होते. आर्ट्झ, गुडॉल आणि ऑस्वाल्ड या तीन अभ्यासकांनी ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ४,६०० कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. त्यांचा निबंध २०१८ मध्ये छापून आला. सारख्या परिस्थितीतल्या बायका आणि पुरुष यांची तुलना केली, तर पगारवाढ मागण्यात दोघांत फरक सापडला नाही. फरक पडला तो मिळण्यात. मागणाऱ्या १०० पुरुषांपैकी २० जणांना वाढ मिळाली, १०० बायकांपैकी १५ जणींना. हा पगारवाढीचा अभ्यास आहे, बढतीचा नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते.

बढतीचं मी माझ्यावरून सांगते, कारण मी तीनदा मागितली. पहिल्यांदा तोंडी. उत्तर आलं, 'पुढच्या वर्षी बघू.' दुसऱ्यांदा ऐकलं, 'तुम्ही गेलात तर हा विभाग कोण सांभाळणार?' म्हणजे काम नीट केलं हाच अडसर. तिसऱ्यांदा लेखी दिली. पाच वर्षांत काय काय केलं त्याचे आकडे घालून, दीड पान. साहेबांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, 'एवढी घाई कशाला? मुलांची महत्त्वाची वर्षं आहेत, घरी लक्ष द्या.' त्याच वर्षी माझ्याबरोबरच्या एकाला बढती मिळाली. त्यालाही दोन मुलं. त्याच्या बाबतीत कारण दिलं गेलं की आता त्याच्यावर घरची जबाबदारी वाढलीय.

घडी घातलेला तो कागद आजही माझ्याकडे आहे. त्याच्याबरोबर त्या वर्षाचा मूल्यमापनाचा तक्ताही आहे. 'कामगिरी'पुढे लिहिलंय उत्कृष्ट, 'पुढील क्षमता'पुढे मध्यम. मला वाटलं होतं, हे माझ्यापुरतंच असेल. मग बेन्सन, ली आणि शू यांचा अभ्यास वाचनात आला. एका मोठ्या विक्री साखळीतल्या सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. तिथेही बायकांना कामगिरीत सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त गुण होते आणि क्षमतेत कमी. बढती देताना क्षमतेचा रकाना वजनदार ठरत होता. झालेलं काम मोजता येतं. क्षमतेचं तसं नाही, तिथे वरचा माणूस अंदाज करतो, आणि आमच्याबद्दलचा त्याचा अंदाज आधीच ठरलेला असतो.

आणि त्या वर्षांत मी ऑफिसात आणखी काय करत होते, तेही ऐका. मिटिंगचं टिपण, नव्या माणसांना रुळवणं, रजांचे तक्ते, निरोपसमारंभ. 'नाही म्हणायचं होतं' असं तुम्ही म्हणाल, तुमचा तोच सूर आहे. पिट्सबर्गमध्ये लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिघांचा गट, हातात दोन मिनिटं, समोर एक बटण. कुणीच दाबलं नाही तर प्रत्येकाला एक डॉलर. कुणी दाबलं तर दाबणाऱ्याला सव्वा, बाकी दोघांना दोन-दोन. म्हणजे कुणीतरी दाबावं, पण आपण नको. मिश्र गटांत बायकांनी पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढाकार घेतला. मात्र गटात फक्त पुरुष असले की तेही तेवढ्याच वेळा दाबायचे, जेवढ्या वेळा फक्त बायकांच्या गटात बायका. बटण पुरुषांनाही दाबता येतं. बाई शेजारी असली की ते थांबतात, कारण ती दाबणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं. आणि जिथे कुणाला सांगायचं हे एकाने ठरवायचं होतं, तिथे विनंती बायकांकडे ४४ टक्के जास्त आली. माझ्या रजांच्या तक्त्यांचं हेच झालं. मागितले मी नव्हते, समोर आणून ठेवले गेले.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. पुरुषांवर ताण नसतो असं माझ्या लेखात एकही वाक्य नाही, पुन्हा वाचा. खुर्चीतल्या एका बाईवरून तिच्यामागे अडलेल्या बाकीच्यांचा निकाल लावता येत नाही. आणि पुढे जायचंच नसतं म्हणाल, तर तिसरा अर्ज लिहायला मी चार रात्री जागले होते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त 'रडगाणं' हा शब्द मागे घ्या. माझ्याकरता घेतला नाहीत तरी चालेल. तुमच्या ठीक वर जिने दोन ओळी लिहिल्या आहेत, तिच्याकरता घ्या.