नाकेबंदीची भाषा निदान कोल्हापुरात तरी नको

आज सकाळी रंकाळ्यावर फिरून झाल्यावर चहाच्या गाडीपाशी गप्पा नेपाळवर आल्या आणि आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ, जे एरवी रस्त्यावरच्या कुत्र्यालाही हाड म्हणत नाहीत, सहज बोलून गेले, "पंधरा दिवस पेट्रोल तोडा, बघा कसे सरळ येतात." सगळे हसले. हे करून झालेले आहे, एवढेच मी तिथे म्हणालो. बाकीचे इथे लिहितो.

२०१५ मध्ये मी ज्या खाणावळीत जेवत असे, तिथे नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातला एक स्वयंपाकी होता आणि त्याच्या हातचा तांबडा रस्सा भल्याभल्या कोल्हापूरकरांना साधत नसे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात त्याचे घर पडले. भारताची विमाने त्याच दिवशी काठमांडूला मदत घेऊन पोहोचली, हे तो वाढता वाढता प्रत्येकाला अभिमानाने सांगत होता. पुढे २० सप्टेंबरला नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली, ती दिल्लीला रुचली नाही, तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यातले, मधेशी आधीपासून आंदोलनात होते, आणि भारत-नेपाळ सीमेवरच्या रक्सौल-वीरगंजच्या नाक्यावर जी वाहतूक अडली ती थेट पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. त्याच्या आईला अर्धाच भरलेला सिलिंडर मिळत होता, तोही रांग लावून, आणि पत्र्याच्या आडोशाला ती हिवाळा काढत होती. "साहेब, भूकंपात तुम्हीच आलात, मग आता वाट का अडवलीत?" असे त्याने मला विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या ताटाकडे वळला.

मधेशींचे गाऱ्हाणे खरे होते आणि आपण नाकेबंदी केलीच नाही असे दिल्लीचे म्हणणे होते, हे मान्य. पण ही खोड एका पक्षाची नाही. १९८९ मध्ये, राजीव गांधींच्या काळात, व्यापार आणि पारगमनाच्या (दुसऱ्याच्या हद्दीतून माल नेण्याच्या) करारांची मुदत संपताच नेपाळशी असलेली बहुतेक नाकी बंद झाली होती. २०१३ मध्ये भूतानच्या निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्या स्वयंपाकाच्या गॅसवरचे आपले अनुदान अचानक थांबले. त्याही मागे गेलात, तर १९५० च्या भारत-नेपाळ करारावर नेपाळच्या बाजूने पंतप्रधानांची सही आहे आणि आपल्या बाजूने राजदूताची. नेपाळी माणूस ही गोष्ट विसरत नाही, आणि त्याने का विसरावी?

राग येतो तो याचा, की हे कोल्हापुरात समजावून सांगावे लागते. कोल्हापूरच्या गादीवरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून इंग्रजांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले, तिथेच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला, आणि त्या सगळ्या काळात करार, मैत्री, सल्ला हेच शब्द कागदोपत्री होते. त्या गादीपुढे मुजरा करणाऱ्या गावाने दुसऱ्याच्या नाड्या आवळल्या म्हणून टाळ्या वाजवायच्या? आणि २०१९ च्या महापुरात शिरोलीपाशी महामार्ग बंद पडला, तेव्हा पेट्रोलपंपांवर आपली काय अवस्था झाली होती ते हसणाऱ्यांनी आठवावे. ते तर काही दिवसांचेच होते.

काठमांडूचे पुढारी भारतद्वेषावर मते मागतात आणि चीन टपून बसलेला आहे, हेही मला ठाऊक आहे. पण त्याला वाट कोणी करून दिली? नाके खुले झाल्यावर दीडेक महिन्यातच, मार्च २०१६ मध्ये, नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली बीजिंगला जाऊन पारगमनाचा करार करून आले. आमच्या स्वयंपाक्याच्या धाकट्या भावाने त्याच सुमारास चिनी भाषेचा वर्ग लावला. ही बातमी त्याने मला जरा संकोचूनच सांगितली होती.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, तेव्हा दुसरी बाजूही सांगतो, कारण तीही आपलीच आहे. लहान शेजाऱ्यांकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवता द्यावे, हे इंदरकुमार गुजराल यांनी परराष्ट्रमंत्री असताना धोरण म्हणून मांडले, आणि त्याच काळात, डिसेंबर १९९६ मध्ये, बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याचा करार झाला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने बंगालच्या उपसागरातल्या वादग्रस्त सागरी क्षेत्राचा मोठा भाग बांगलादेशाला दिला, तो आपण निमूट मानला. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या जमिनीच्या तुकड्यांपैकी आपण १११ त्यांना दिले आणि ५१ घेतले. जमिनीच्या हिशेबात आपल्याकडे कमी आले, तरी आभाळ कोसळले नाही. ज्या सरकारने हे केले, त्याच सरकारच्या काळात दोन महिन्यांत रक्सौलचा नाका अडला, हे मला आजही नीट उमगत नाही.

गंगेच्या त्या कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यातून किती पाणी सुटावे यावर ढाका बोलू लागला, की हीच मंडळी पुन्हा "तोडा" म्हणतील. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या मोबाईलवर दर पावसाळ्यात अलमट्टी धरणाच्या विसर्गाचे आकडे तासातासाला येत असतात आणि कर्नाटकाने दरवाजे वेळेवर उघडले नाहीत, तर तेच सर्वांत आधी शिव्या घालतात.