तिवराचं बदललेलं घर

झाडांच्या शास्त्रीय नावांवरचा हा लेख आवडला, पण त्यातलं ‘शास्त्रीय नाव एकदा ठरलं की कायमचं’ हे वाक्य खटकलं. मी ऐरोलीत राहतो. इथे खाडीकाठच्या सगळ्या झाडांना आपण सरसकट कांदळवन म्हणतो, प्रत्यक्षात बरीचशी तिवरं आहेत, कांदळ वेगळं. तिवराचं आजचं नाव ॲव्हिसेनिया मरीना. फोर्सकाल हा वनस्पतिशास्त्रज्ञ, दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसचा शिष्य. त्याने याला स्यूरा मरीना म्हटलं होतं आणि ते छापून आलं १७७५ मध्ये, तो येमेनमध्ये वारल्यानंतर १२ वर्षांनी! पुढे १९०७ मध्ये प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, बदलली, ‘मरीना’ तेवढं टिकलं. म्हणून तर पूर्ण नाव लिहिताना फोर्सकाल कंसात येतो आणि बदल करणारा फिअरहापर कंसाबाहेर. (ॲव्हिसेनिया म्हणजे आपला हकीम इब्न सिना बरं का. नाव लिनियसनेच दिलंय.)

कुळाचीही तीच गत. जुन्या पुस्तकांत तिवर घाणेरीच्या कुळात सापडतं. मग त्याला स्वतंत्र कूळ मिळालं आणि आता डीएनए तपासून बसवलंय अडुळशाच्या कुळात. खोकल्यावरचा काढा आणि खाडीतला चिखल एका घरात! वरच्या प्रतिक्रियांत ‘मग ही नावं पाठ कशाला करायची?’ असं कुणीतरी विचारलंय. अहो, पाठ करू नका, झाडाखाली उभं राहून चिखलातून वर आलेली श्वसनमुळं बघा. तिवराची ओळख तिथूनच सुरू होते.