अंगावरचं दूध तोडायला सांगणारा तो मेसेज

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन, "ताई, दोन दिवस अंगावर पाजलंच नाहीये गं, छाती दगडासारखी झालीये, काय करू?" सात महिन्यांचं बाळ, जुलाब लागलेले, आणि ही सिडकोत बसून त्याला बदाम उगाळून पाणी पाजतेय. का, तर सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. सकाळी तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, खाली हात जोडलेल्यांची रांग.

मेसेज म्हणतो की बाळाला जुलाब म्हणजे लॅक्टोज इनटॉलरन्स (दुधातली साखर न पचणं), आईचं दूधसुद्धा लगेच बंद करा, त्याऐवजी बदामाचं दूध नाहीतर एटू देशी गाईचं दूध द्या, आणि एकदा दूध सोसलं नाही की जन्मभर दुधाचा पदार्थ नको.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, मान्य. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, ती फोडणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असतं, आणि रोटाव्हायरससारख्या इन्फेक्शनमध्ये ते अस्तरच सोलवटून निघतं. मग न पचलेली साखर पाणी ओढते, पुढे मोठ्या आतड्यात जंतू ती आंबवतात, म्हणून गॅस, आंबट वासाची पातळ शी, ढुंगण लालबुंद. पण हे जुलाबाने झालं, जुलाब याच्यामुळे सुरू झाले नाहीत, आणि अस्तर भरून आलं की बहुतेक पोरांचं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप ठीक होतं.

आता आईचं दूध बंद करा, याच्यावर माझं डोकं फिरलं. अहो, आईच्या दुधातच लॅक्टोज जास्त असतं, १०० मिलीला साधारण ७ ग्रॅम, गाईच्या दुधात साडेचार-पाच. जन्मतःच लॅक्टेज नसणं फारच दुर्मिळ, आणि तसं असतं तर ते पहिल्या काही दिवसांतच कळलं असतं, सात महिने गुबगुबीत झालेल्या पोराला अचानक कसं होईल? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा लॅक्टोज इनटॉलरन्सवरचाच २००६ चा अहवाल आहे, त्यात जुलाबातही अंगावरचं दूध चालूच ठेवा असं सरळ लिहिलंय, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते, वर ओआरएस आणि १० ते १४ दिवस झिंक. जुलाबात बाळ दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार जाऊन, आणि हे सांगतात की जे पाणी, अन्न, रोगाशी लढायची ताकद सगळं एकत्र देतं तेच काढून घ्या. शिवाय दूध तुंबून आईला ताप येतो तो वेगळाच, त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

बदामाचं पाणी म्हणजे पाणीच, त्यात बाळाला पुरेल इतकं प्रोटीन नाही. आणि एटू, ते केसीन नावाच्या प्रोटीनचं प्रकरण आहे, लॅक्टोज त्यातही तेवढंच. एक वर्षाच्या आत कुठल्याच गाईचं दूध मुख्य आहार म्हणून द्यायचं नसतं, देशी असो की परदेशी.

हां, शीमध्ये रक्त, अंगावर पुरळ, सारख्या ओकाऱ्या असं असेल तर दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी असू शकते, तो निराळा आजार, तिथे लॅक्टोज-फ्री दूध पावडरचा डबा आणूनही उपयोग नाही, डॉक्टरच गाठा. बाळ मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा-सहा तास शू नाही, तरीही रात्र बघू नका.

राहिलं जन्मभर. तीन-पाच वर्षांच्या वयानंतर आपल्याकडे बऱ्याच जणांचं लॅक्टेज हळूहळू कमी होतं हे खरंय, पण त्यांनाही जेवणासोबत अर्धा कप दूध बहुधा चालतं, दही तर चालतंच कारण विरजणातले जंतू थोडं लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात. दूध खरंच कमी करावं लागलं तर कॅल्शियमला आपली पेठ-सुरगाण्याची नागली (नाचणी) आहे, तीळ आहेत.

बहिणीला त्याच रात्री बाळाला अंगावर घ्यायला लावलं, सकाळी डॉक्टरांनीही तेच सांगून झिंक लिहून दिलं. सासूबाई आधी फुगल्या होत्या, आता त्याच कॅलेंडरवर झिंकच्या १४ दिवसांच्या खुणा करतायत, आज दुसरी झाली.